बंद संगणकातली हार्ड डिस्क यूएसबीवर

संगणक सुरू होत नाही म्हणून तो लगेच भंगारात देऊ नका. बऱ्याचदा पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्ड जळालेला असतो आणि हार्ड डिस्क मात्र धडधाकट असते. ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवली, की दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते.

केसिंग विकत घेण्याआधी डिस्क नीट पाहा. डेस्कटॉपची डिस्क साडेतीन इंची, लॅपटॉपची अडीच इंची. तिच्या मागे दोन ओळींत पिना दिसल्या तर ती जुनी आयडीई डिस्क. डेस्कटॉपच्या डिस्कला चाळीस पिनांची जागा असते, लॅपटॉपच्या डिस्कला ४४. पिनांऐवजी एक लहान आणि एक मोठी अशा दोन चपट्या पट्ट्या असतील तर ती साटा. एकीचे केसिंग दुसरीला चालत नाही. सर्वांत सोपे म्हणजे डिस्कच दुकानात घेऊन जा.

विजेचे गणितही समजून घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून तिच्या केसिंगला वेगळा अॅडॅप्टर असतो. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते. पण यूएसबी २.० चे पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देते आणि चकती फिरू लागताना त्याहून जास्त प्रवाह लागू शकतो. डिस्क नुसती टिकटिकत राहिली, तर दोन तोंडांची केबल लावून किंवा दुसऱ्या पोर्टवर जोडून पाहा. तरीही खट्‌खट् आवाज येत राहिला तर डिस्क लगेच काढा. पुन्हापुन्हा चालवून ती आणखी बिघडते.

डिस्क हातात घेण्याआधी संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. हिरव्या सर्किटला बोट लावू नका. आयडीई डिस्कचा जंपर ‘मास्टर’वर ठेवा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी उलटे बसते आहे, असे समजा. डिस्कचे वरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आत धुळीचा एक कणसुद्धा घातक ठरतो.

जोडल्यावर विंडोज कधीकधी विचारते, ‘फॉरमॅट करायचे का?’ तिथे ‘नाही’ म्हणा आणि जाणकाराला दाखवा.

आता आपल्या मराठीपुरती एक गोष्ट. शाळेचे जुने अहवाल, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका बहुधा श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. ते युनिकोड नव्हेत. नुसत्या फाइली उतरवल्या तर नव्या संगणकावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात आणि फाइल खराब झाली असे वाटून लोक ती पुसून टाकतात! म्हणून जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उतरवून घ्या. तोच फॉन्ट नव्या संगणकावर टाकला की मजकूर पुन्हा वाचता येतो. मग सवडीने तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

सगळे उतरून झाले की ‘सेफली रिमूव्ह’ करा आणि चकती फिरायची थांबेपर्यंत डिस्क हलवू नका.