डब्यातली मेथी आणि घरची शाळा

तीन ते सहा वर्षांची मुले दिवसाचा बराच वेळ घरीच असतात. अंगणवाडी काही तासांची. आई सकाळीच कामावर गेलेली, वडील हमालीला किंवा कारखान्यात, मागे घरात आजी आणि मोबाईल. जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा हेच दिसते. म्हणजे मुलाची पहिली शाळा घरच आहे आणि तिथली बाई आजी आहे. या शाळेला साहित्य म्हणून आम्ही माती, बी, पाणी आणि एक रिकामा डबा सुचवतो.

हे सांगितले की एखादी आजी लगेच बोलते, "बाई, आमचा जन्म दुसऱ्याची कपाशी निंदण्यात गेला. नातवाच्या हातात पाटी द्या, माती कशाला देता?" हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. शाळेच्या बागेला पाणी घालायला, अंगण झाडायला वर्गातून नेमकी कोणती मुले उठवली जातात, हे आपल्यातल्या अनेकांनी भोगले आहे. सगळ्या मुलांना पाळीपाळीने असेल तर तो बागकामाचा तास. ठराविक मुलांनाच असेल तर ती वेठ. तसे होत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत लेखी विचारा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, ती जागा आपली आहे. पण आपल्याच दारात, आपल्या डब्यात मेथी पेरणारे मूल कोणाचे राबत नाही. ते बघते, मोजते, विचारते. आजीने तर इथे जास्तच बोलावे, कारण बी किती खोल टाकायचे हे तिला माहीत आहे, आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रयोग जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, नंतर 1957 पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथून आले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. परदेशी पद्धतीची महागडी साधने घेण्याऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले यांवर मुले मोजायला आणि वर्गवारी करायला शिकली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 साली आली, म्हणजे तीस वर्षांनी.

सुरुवात वाटीपासून करा. मूठभर मूग रात्री भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात बांधा. एक-दोन दिवसांत मोड येतात. त्यातले दहा मूग मुलाला स्वतः मोजून दोन वाट्यांतल्या ओल्या कापसावर ठेवू द्या. एक वाटी उजेडात, एक डब्याखाली अंधारात. चार-पाच दिवसांनी अंधारातले रोप लांब, पिवळे आणि लेचेपेचे झालेले असते. असे का झाले, हे तुम्ही सांगू नका. मुलाला बोलू द्या. चुकीचे उत्तर दिले तरी चालेल. चिमटीत एकेक दाणा उचलताना बोटांना जे वळण लागते, तेच पुढे पेन्सिल धरायला कामी येते. शिशुवर्गाची फी भरून मुलाचा हात गिरवून घेण्याआधी हे करून बघा.

मग मेथी. तेलाचा पत्र्याचा डबा, फुटका माठ, सिमेंटची रिकामी झटकलेली गोणी, काहीही चालते. खाली दोन-चार भोके हवीत. मेथी दोन-तीन दिवसांत उगवते आणि साधारण महिन्याच्या आत खुडायला येते. चार वर्षांच्या पोराचा धीर तेवढाच असतो, म्हणून पहिले पीक मेथीचे किंवा पोकळ्याचे असावे. रोप आपल्या विताने रोज मोजावे, भिंतीवर खडूने रेघ मारावी. गिलक्याचा वेल जागा असेल तरच. आणि एक सांगायचे, पाणी घालायचे काम फक्त मुलीकडे जाऊ देऊ नका. दोन दिवसांत तसे होते, लक्ष ठेवा.

कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे झाड असेल तर पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा छोटा सुरवंट सापडतो. मोठा झाला की तो हिरवा होतो, मग कोष करतो आणि पुढे त्यातून फुलपाखरू निघते. काही पाने जातील, जाऊ द्या.

आता आरोग्याचे, कारण मातीत खेळण्याचा धोका खरा आहे. आजूबाजूला उघड्यावर शौच होत असेल तर मातीत जंतांची अंडी असतात. नखांत अडकून ती तोंडात जातात. आकडी जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. म्हणून पायात चप्पल, नखे कापलेली आणि मातीतून उठल्यावर साबणाने हात, हा नियम मोडायचा नाही. जंताची गोळी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि शाळेत फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. दोन ते तीन वर्षांच्या मुलांना पूर्ण, पण तीही चुरून पाण्यातून. तीन वर्षांवरच्या मुलांना पूर्ण, चावून. धनुर्वाताचे संरक्षण देणारे बूस्टर दीड वर्षाच्या आसपास आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचे असताना असते. दुसरा डोस बऱ्याच घरांत राहून जातो. कार्ड काढून बघा.

आपला भाग कपाशीचा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात भाजी लावू नये, पाणी भरू नये, मुलाला खेळायला तर अजिबात देऊ नये. रंगाच्या डब्याचेही तेच. गटारीचे पाणी पालेभाजीला घालू नका. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी उत्तम. नळ काही दिवसांआड येतो म्हणून ड्रम भरून ठेवावेच लागतात, पण ते झाकलेले हवेत. कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा ओतून घासा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. विटा, पत्रे, लाकडे यांच्या ढिगात मुलाला हात घालू देऊ नका, तिथे विंचू असतो. विंचू चावून मूल घामाघूम झाले, उलट्या करू लागले, हातपाय गार पडले तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले, त्याला चाळीस वर्षे होत आली.

कुंपणाला मोगली एरंड, रस्त्याकडेला धोत्रा, दारात पिवळी कण्हेर हे सगळीकडे दिसते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले वाटून खातात आणि मग एकाच गल्लीतली पाच-सहा मुले ओकत दवाखान्यात येतात. झाडे ओळखायला शिकवताना पहिला धडा हाच द्या: मोठ्यांना विचारल्याशिवाय काही तोंडात घालायचे नाही.

चार डब्यांतल्या मेथीने मुलाचे रक्त वाढेल असे आम्ही म्हणणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली जवळजवळ 69 मुले रक्तक्षयाची निघाली. त्यासाठी आशाताईंकडून लोहाचे औषध आठवड्यातून दोनदा घ्यायचेच आहे. भाजीचा उपयोग वेगळा आहे. जे पोर ताटातली हिरवी भाजी बाजूला सारते, ते स्वतः खुडलेली खाऊन बघायला तयार होते. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा देऊ नका, मुलांना तर चहाच नको.

मार्च ते मे आपल्याकडे ऊन पंचेचाळीसला टेकते, तेव्हा डबे सावलीत ठेवा किंवा वर जुनी साडी बांधा, आणि नवे काही पेरू नका. पेरणी पहिल्या पावसानंतर. घराजवळ जागा नसेल तर विहाराच्या अंगणात वस्तीतल्या मुलांचे डबे रांगेने ठेवता येतील, प्रत्येकावर नाव लिहून. शेवग्याची हातभर लांब, अंगठ्याहून जाड फांदी त्याच वेळी जमिनीत खोचा. तिला डबा पुरत नाही. वर्ष-दीड वर्षात शेंगा येतात, पाला त्याआधीच.