मेघ थांबला असेल तेव्हा

आजचे वाचन : गणना ९:१५-२३



मेघ निवासमंडपावर कधी दोन दिवस राही, कधी महिना, कधी वर्षभर. तो उठला की इस्राएल लोक निघत, थांबला की थांबत. किती दिवस, हे आधी कळत नसे.

मी सॉफ्टवेअरवाला, मला आधी पूर्ण प्लॅन लागतो. पुण्यातली नोकरी गेली आणि मी केज तालुक्यातल्या घरी आलो. चार महिने रोज विचारतोय, "प्रभू, पुढचं कधी दाखवणार?"

दिवाळीनंतर शेजारचं जोडपं ऊसतोडीला निघालं. वहिनी ट्रॅक्टरमध्ये भांडी ठेवत होत्या. म्हणाल्या, "कारखाना ठाऊक हाय, भाऊ. उद्या फड कोणता, ते तिथं गेल्यावरच कळतं."

त्यांच्यावर मुकादमाची उचल असते, म्हणून जावं लागतं. माझ्या प्रभूने मला उचल दिलेली नाही. उलट वधस्तंभावर माझंच देणं फेडलं. तरी त्याच्यावर विसंबायला मी कचरतो!

मेघ थांबलेला असतो तेव्हाही देव छावणीतच असतो. या चार महिन्यांत आजारी वडिलांना मी दर आठवड्याला अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. पुण्यात असतो तर कोणी नेलं असतं? नोकरी अजून नाही. पण आजचं काम आहे.

तुमचाही मेघ थांबलाय का? हाताशी असलेलं एक काम आज विश्वासूपणे करा.

प्रार्थना : प्रभू, तू थांबवशील तिथे थांबायला आणि उठवशील तेव्हा निघायला मला शिकव. येशूच्या नावाने, आमेन.