भरती व ओहोटी ह्यांच्या मधली जमीन

सोलापुराकडील आमच्या पुष्कळ वाचकांनी समुद्र पाहिला नसेल. परंतु उजनीचा जलाशय बहुतेकांस ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी ओसरले म्हणजे उघड्या गाळात शेतकरी गाळपेर करितात, व पावसाळ्यात तीच जमीन पुन्हा बुडते. उजनीस जो फेरा वर्षातून एकदा होतो, तो कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा होतो. चंद्रसूर्यांच्या ओढीने समुद्र चढतो व उतरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. मोठ्या उधाणात मुंबईस हा चढउतार चार मीटरांहून अधिक असतो.

ही मधली जमीन ओसाड दिसते, तरी तिच्यावर माळ्यामाळ्यांनी वस्ती आहे. वरच्या खडकांवर लहान गोगलगायी कवच मिटून ओलावा राखितात; त्यांच्या खाली कालवे चिकटलेली असतात; आणि अगदी खालच्या डबक्यांत समुद्रफुले, तारामासे व शैवाल आढळतात.

प्रत्येकाने आपलाच माळा का धरावा? जोसेफ कॉनेल ह्यांनी स्कॉटलंडच्या खडकांवरील दोन जातींच्या कवचधारी प्राण्यांवर प्रयोग करून १९६१ साली ह्याचे उत्तर प्रसिद्ध केले. लहान जात वरच राही. खालची मोठी जात काढून टाकिली, तेव्हा लहान जात खालीही जगली. म्हणजे वरची सीमा ऊन व कोरड घालिते, आणि खालची सीमा बहुधा बलवान शेजारी घालितो.

अमेरिकेत मकाह उपसागराच्या काठी रॉबर्ट पेन ह्यांनी १९६३ पासून एका खडकावरील तारामासे काढून टाकिले. शिंपल्यांस खाणारा शत्रू गेला, तेव्हा शिंपल्यांनी सारी जागा व्यापिली, व तेथील १५ जातींपैकी ८ च उरल्या. जो केवळ भक्षक वाटत होता, तोच दुर्बळांस जागा राखीत होता!

ह्यात माणसाचेही पोट आहे. ओहोटी लागली म्हणजे कोकणातील स्त्रिया खडकांवरील कालवे काढून संसारास हातभार लावितात. त्या खडकांवर भराव पडला, तर चिकटून राहणाऱ्या जिवांस दुसरीकडे जाता येत नाही, व त्या स्त्रियांचेही साधन जाते. म्हणून भारत सरकारने १९९१ साली किनाऱ्याचे नियम केले, तेव्हा भरती-ओहोटीमधील पट्टा त्यांत घेतला; २०१९ च्या नियमांतही तो आहे. जी जमीन कोणाचीच दिसत नाही, ती रिकामी आहे असे समजू नये.

वर्गात विचारावयाचे प्रश्न: १. वरच्या माळ्यावरील प्राण्यास कशाचे भय असते? २. तारामासे गेल्यावर जाती का घटल्या? ३. आपल्या गावाजवळ, पाण्याच्या काठी, कोणकोणते जीव राहतात?