हृदयविकार, आरोग्य विमा आणि व्यापाऱ्याचा हिशेब



कापडाच्या धंद्यात एक जुना दस्तूर आहे. ताग्यात डाग असेल तर तो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा आणि त्याप्रमाणे भाव ठरवायचा. लपवून दिलेला माल परत येतो आणि पतही जाते. आम्ही भिवंडीत तीस वर्षे हेच करीत आलो. पण स्वतःच्या आरोग्य विम्याचा फॉर्म भरताना मात्र हा दस्तूर विसरलो. म्हणून आजचा हा धडा. विमा जायज की नाजायज हा मसला उलेमांना विचारावा. येथे आम्ही फक्त हिशेबाचे बोलतो.

२०१६ साली आमची अँजिओप्लास्टी झाली. विमा नव्हता. बाजारात आमची उधारी नव्वद दिवसांची, हॉस्पिटलला मात्र रोकड त्याच दिवशी हवी होती. सुताचे पैसे थांबवून बिल भरले. बरे झाल्यावर पॉलिसी काढली तेव्हा एजंट म्हणाला, "शेठ, हार्टचे लिहू नका, कंपनी नाही म्हणेल." आम्ही ऐकले. २०१९ मध्ये पुन्हा भरती व्हावे लागले. कंपनीने जुने कागद मागवले आणि क्लेम नामंजूर केला. हप्ते गेले, बिलही अंगावर आले. सल्ला एजंटचा होता, पण सही आमची होती.

२०२० मध्ये सर्व खरे लिहून नव्याने अर्ज केले. दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीने जादा हप्ता लावून, हृदयविकारासाठी चार वर्षे थांबण्याच्या अटीवर पॉलिसी दिली. २०२५ मध्ये आणखी एक स्टेंट बसवावा लागला, तेव्हा कॅशलेस मंजूर झाले. आता मुद्द्याच्या गोष्टी पाहू.

१) मुदत: एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की माहिती लपवली या कारणाने क्लेम नाकारता येत नाही; मात्र फसवणूक सिद्ध झाली तर नाकारता येतो. म्हणून हप्ता चुकवू नये. कंपनी बदलायची असेल तर पोर्ट करावी. थांबलेला काळ जुन्या विमा रकमेपुरता नव्या पॉलिसीत धरला जातो.

२) खोलीचे भाडे: येथे पुष्कळ लोक फसतात. समजा पॉलिसीत खोलीची मर्यादा रोज ५,००० रुपये आहे आणि आपण १०,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे भाडे ४०,०००, डॉक्टर व ऑपरेशनचे १,६०,०००, स्टेंट व औषधांचे ६०,०००. एकूण बिल २,६०,०००. अशा पॉलिसीत भाड्याबरोबर डॉक्टर व ऑपरेशनचा खर्चही अर्धाच मिळतो. हाती येतात १,६०,०००, आणि एक लाख खिशातून जातात. म्हणून खोलीची मर्यादा आणि को-पे, म्हणजे आपल्या वाट्याचे टक्के, सही करण्यापूर्वी वाचावे.

३) स्टेंट: फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषधी स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. पुढे ती वेळोवेळी सुधारली गेली. बिलात स्टेंटचे नाव व किंमत वेगळी लिहून घ्यावी.

४) गोळ्या: अँजिओप्लास्टीनंतर काही गोळ्या जन्मभर चालतात. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची औषधे बरीच स्वस्त मिळतात. चिठ्ठी डॉक्टरांना दाखवूनच बदल करावा, आणि पैसे वाचवण्यासाठी गोळी कधीही बंद करू नये.

५) हप्ता: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरील १८ टक्के जीएसटी माफ झाला आहे. पावती तपासून घ्यावी.

६) ज्यांना पॉलिसी मिळत नाही किंवा परवडत नाही: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज मिळतो. त्यात अँजिओप्लास्टी व बायपास आहेत. हॉस्पिटल योजनेतील असावे लागते, रेशनकार्ड व आधार लागते. ७० वर्षांवरील बुजुर्गांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नाही. आपल्या कारखान्यातील कारागिरांनाही ही माहिती जरूर द्यावी.

७) क्लेम नाकारला तर: प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुण्यात कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जावे.

शेवटी एकच विनंती. आज दुकान वाढवून घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा आणि आपला आजार त्यात लिहिलेला आहे की नाही ते पाहा. नसेल तर उद्याच कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल, कदाचित अटी लागतील. पण भरती होण्याच्या दिवशी कागद आपल्या बाजूने बोलला पाहिजे. त्या दिवशी डाग दाखवायला गेलो तर फार उशीर झालेला असतो.