मिठाच्या भिंतींचें गांव

इजिप्त देशाच्या पश्चिमेकडील वाळवंटांत, लिबियाच्या सरहद्दीपासून सुमारें ५० किलोमीटर पूर्वेस सीवा नांवाचें मरुद्यान आहे. चोहोंकडे रेताड माळ. मध्यें गोड्या पाण्याचे झरे, खजुरीच्या व ऑलिव्हच्या बागा, आणि जवळच खाऱ्या पाण्याचीं सरोवरें. तेथील एका टेकडीवर शाली नांवाचें जुनें गांव पडक्या स्थितींत उभें आहे. शेजारचें आघुर्मी गांवही तसेंच ओसाड पडलें आहे. आघुर्मीच्या देवळांत आमोन देवाचा कौल घेण्यास शिकंदर बादशहा इ. स. पूर्वी ३३१ सालीं आला होता, म्हणून इतिहासांत सीव्याचें नांव येतें. आम्हांस मात्र आज बादशहापेक्षां भिंतींविषयीं अधिक सांगावयाचें आहे.

पडकें घर पाहतांना पहिला प्रश्न हा विचारावा, कीं हें कशाचें बांधलें आहे? सीवा येथील गवंडी भाजलेली वीट वापरीत नसत. सरोवरांच्या कांठचा खारट चिखल सुकून दगडासारखा कठीण होतो. त्याचीं ढेकळें ते फोडून आणीत, व खारट मातीच्याच गाऱ्यानें एकमेकांस जोडीत. या जिनसेस तेथें 'कर्शेफ' म्हणतात. गारा वाळला कीं त्यांतील मिठाचे स्फटिक बनतात व ढेकूळ आणि गारा एकजीव होतात. तुळया खजुरीच्या खोडांच्या असत. अशा जाड भिंतींमुळें उन्हाळ्यांत आंत गारवा राही आणि हिवाळ्यांत ऊब.

स्थानिक परंपरेप्रमाणें शाली १३ व्या शतकाच्या आरंभीं वसलें. लुटारूंच्या भीतीमुळें कोटाबाहेर घर बांधण्याची सोय नव्हती; वस्ती मात्र वाढत गेली. तेव्हां माणसें बाहेर न जातां वर गेलीं, घरावर घर चढलें, आणि खालच्या बोळांत दिवसाही अंधार पडूं लागला. भिंतींत ओळीनें दिसणारीं भोकें म्हणजे तुळयांच्या जागा होत. त्या ओळी मोजल्या म्हणजे मजल्यांचा अंदाज येतो. पुढें १८२० सालीं महंमद अलीच्या फौजेनें सीवा घेतलें. त्यानंतर लोक हळूहळू पायथ्याशीं उतरूं लागले.

१९२६ सालीं तेथें तीन दिवस जोराचा पाऊस पडला. आमच्या कोंकणांतील विद्यार्थ्यांस हें ऐकून हंसूं येईल. परंतु ज्या मिठानें भिंत बांधून ठेविली होती, तेंच पाण्यानें विरघळलें. जें शत्रूंस साधलें नाहीं तें पावसानें केलें. घरें ढासळलीं, व लोकांनीं टेकडी सोडली.

तथापि सारा दोष पावसास देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ज्या पालकांनीं देशावर धाब्याचें घर राखलें असेल, त्यांस ठाऊक आहे कीं दरवर्षीं छतावर माती टाकून तें चोपावें लागतें. मातीच्या घरास रोज पाहणारा धनी हवा. शालीचे धनी खालीं गेले, तेव्हां प्रत्येक चीर रुंदच होत गेली.

अलीकडे युरोपीय संघाच्या साहाय्यानें शालीच्या कांहीं भागाची डागडुजी झाली, व नोव्हेंबर २०२० मध्यें तो भाग पाहुण्यांस खुला करण्यांत आला. आमच्या मतें तींतील उत्तम गोष्ट ही, कीं सिमेंटाचा मोह टाळून काम कर्शेफनेंच केलें. त्यास वेळ फार लागतो. एक थर वाळल्याखेरीज त्यावर दुसरा चढवितां येत नाहीं.