‘केले असावे’ आणि ‘करीत असावा’ : इंग्रजी मोडल क्रियापदांची दोन भूतकालीन रूपे

आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना इंग्रजीचे काळ पाठ असतात. परंतु होऊन गेलेल्या गोष्टीविषयी तर्क, शक्यता किंवा कर्तव्य सांगावयाचे झाले की त्यांची लेखणी अडखळते, असा आमचा वर्गातील अनुभव आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा छोटा पाठ.

मस्ट, माइट, कुड, शुड या मोडल सहायक क्रियापदांची भूतकालीन रूपे दोन प्रकारे होतात. साध्या रूपात मोडलनंतर ‘हॅव’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप येते. चालू रूपात ‘हॅव बीन’ आणि क्रियापदाचे आयएनजी रूप येते. रचना एवढीच आहे. अडचण येते ती निवडीत.

वर्गात आम्ही एक प्रसंग मुलांपुढे ठेवतो. रात्रीच्या फेरीत अधीक्षकांना अभ्यासिकेत दिवा चालू दिसतो. मेजावर वही उघडी आहे, पेनाचे टोपण काढलेले आहे, शेवटचे वाक्य अर्धवट आहे आणि खुर्ची रिकामी आहे. येथे ‘समवन मस्ट हॅव बीन रायटिंग’, म्हणजे ‘कोणीतरी लिहीत असावे’, हे वाक्य योग्य. त्याच मेजावर पत्र पुरे होऊन पाकिटात घातलेले दिसले, तर ‘समवन मस्ट हॅव रिटन अ लेटर’, म्हणजे ‘कोणीतरी पत्र लिहिले असावे’. पहिल्या वाक्यात क्रिया चाललेली आहे, ती पुरी झाली की नाही हे सांगितलेले नाही. दुसऱ्यात ती पुरी झाल्याचा तर्क आहे. समोरचा पुरावा जेवढे सांगतो, तेवढेच रूपाने सांगावे.

‘शुड’च्या बाबतीत हा फरक अधिक जपावा लागतो. ‘यू शुड हॅव स्टडीड’ म्हणजे अभ्यास करायला हवा होता, तो केलाच नाही. ‘यू शुड हॅव बीन स्टडीइंग’ म्हणजे त्या वेळी अभ्यास चालू असायला हवा होता, पण दुसरेच काही चालले होते. एखादी मुलगी नियमित अभ्यास करते, मात्र एके दिवशी अभ्यासाच्या तासाला मैदानावर सापडते. तिला दुसरे वाक्य म्हणता येईल. पहिले म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल.

मराठीभाषक विद्यार्थी नेमका कोठे चुकतो? ‘तो वाचत असेल’ हे वाक्य आपण आत्ताविषयी बोलतो आणि काल रात्रीविषयीही. काळ संदर्भावरून कळतो. इंग्रजीत आत्तासाठी ‘ही मस्ट बी रीडिंग’ आणि कालसाठी ‘ही मस्ट हॅव बीन रीडिंग’ अशी वेगळी वाक्ये लागतात. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले की ‘हॅव’ गळून पडते.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. कर्ता एकवचनी असला तरी मोडलनंतर ‘हॅव’च येते, ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ येत नाही.

२. नो, बिलीव्ह, ओन यांसारखी स्थितिदर्शक क्रियापदे सहसा चालू रूपात येत नाहीत. ‘ही मस्ट हॅव नोन’ बरोबर. ‘ही मस्ट हॅव बीन नोइंग’ चूक.

३. ‘बीन’ दिसताच चालू रूप समजू नये. पुढे तिसरे रूप असेल तर वाक्य कर्मणी असते. ‘द लेटर मस्ट हॅव बीन रिटन’ म्हणजे पत्र लिहिले गेले असावे.

स्वाध्याय : (अ) तिचे डोळे लाल आहेत, ती रडत असावी. (आ) तो अजून आला नाही. त्याची बस चुकली असावी. (इ) मुलांचे कपडे चिखलाने माखले आहेत. ती खेळत असावीत.

उत्तरे : (अ) शी मस्ट हॅव बीन क्रायिंग. (आ) ही मस्ट हॅव मिस्ड द बस. (इ) दे मस्ट हॅव बीन प्लेइंग.

माजी विद्यार्थ्यांनी ही वाक्ये आपल्या मुलांकडून करवून घ्यावीत. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही संकोच करू नये. ‘केले असावे की करीत असावा?’ एवढे मराठीत विचारले तरी पुरे. मुलाने त्याचे उत्तर नीट दिले, तर इंग्रजी रूप निवडणे त्याला जड जाणार नाही.