मटण आधी, मटार शेवटी

बाळा, तुम्ही दोघं नोकरीवरून दमून घरी येणार. मग फ्रीजरमधला मटार काढून खिम्यात घातला तर त्यात कमीपणा काहीच नाही. तो मटार मोसमात सोललेला, उकळत्या पाण्यातून काढलेला आणि लगेच गोठवलेला असतो. उन्हाळ्यात मंडईत मिळणाऱ्या निबर शेंगांपेक्षा तो केव्हाही बरा. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. गोठवलेली भाजी अर्धी शिजलेलीच असते आणि तिच्या पोटात पाणी असतं. मांस कच्चं असतं आणि त्याला वेळ लागतो. दोघांना एकदमच भांड्यात घातलंस, तर मांस शिजेपर्यंत भाजीचा लगदा होणार. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पिशवी घेताना. हातात धरून हलवून बघ. दाणे मोकळे खुळखुळले पाहिजेत. सगळा मटार एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल, तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे असं समज आणि ठेवून दे. बाकीचं सामान झाल्यावर शेवटी ही पिशवी उचल. घरी आलीस की चहा मागाहून, पिशवी आधी फ्रीजरमध्ये.

वीज जाते तिथे. वाटीत पाणी घालून ती फ्रीजरमध्ये गोठव आणि बर्फावर एक नाणं ठेव. गावाहून परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. ते तळाशी जाऊन वर बर्फ झाला असेल, तर तुमच्या मागे सगळं वितळून पुन्हा गोठलेलं असतं. मग मांस आणि भाजी दोन्ही टाकून दे, जीव अडकवू नकोस.

वितळवायचं काय, काय नाही. मांस आदल्या रात्री खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेव, म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही. दिवसभर ओट्यावर ठेवू नकोस. आतून बर्फ असतो तेव्हाच बाहेरचा भाग कोमट होतो आणि तिथे जंतू वाढतात. भाजी मात्र वितळवायची नाही, फ्रीजरमधून थेट कढईत. गोठताना भाजीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि त्याचे कण तिच्या पेशी फाडतात. म्हणून वितळली की ती पाणी सोडते आणि मऊ पडते. अपवाद पालकाचा. पालक-मटण करायचं असेल तर पालक वितळवून मुठीत घट्ट पिळून घे.

खिमा मटार. अर्धा किलो खिम्याला वाटीभर मटार पुरतो. कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, टोमॅटो आणि मसाला तेल सुटेपर्यंत परत. मग खिमा घालून आच मोठी ठेव. खिमा आधी पाणी सोडतो, कढईत नुसतं रटरटत राहतं. ते आटलं की आवाज बदलतो, चुरचुर ऐकू येते आणि कडेनं तेल दिसतं. तोवर कढईपासून हलायचं नाही. मग अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून खिमा मऊ होऊ दे. त्यानंतर झाकण काढ, आच वाढव आणि मटार मूठमूठ घाल. गार दाणे पडताच कढई थंडावते, चुरचुर थांबते. ती पुन्हा सुरू झाल्याशिवाय दुसरी मूठ घालायची नाही. सगळा मटार पडल्यावर पाच-सहा मिनिटं पुरे.

मटणाचा रस्सा. कुकरच्या शिट्ट्या फक्त मटणाच्या. कुकर उघडून बोटी बोटानं तुटते का बघ, मगच रश्श्यात गाजर, फरसबी, मटार जाऊ दे. रस्सा तेव्हा खळखळत असला पाहिजे. चिकन लवकर शिजतं, तरी क्रम तोच. घरात थर्मामीटर असेल तर सगळ्यांत जाड तुकड्याच्या मधोमध 74 अंश सेल्सिअस दिसले पाहिजेत.

आंबट आणि मीठ. आंबटात शिजत राहिली की हिरवी भाजी मळकट दिसते. म्हणून कोकम किंवा लिंबू अगदी उतरवताना. मीठ मांसाच्या अंदाजानं आधी घाल, उरलेलं भाजीनं पाणी सोडल्यावर चाखून.

कुठे ताजंच हवं. गोठवलेला फ्लॉवर रश्श्यात विरघळतो. तो वेगळा, कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर भाजून वरून घाल. गोठवलेल्या वालपापडीची पोपटी करायला जाऊ नकोस. रायगडात थंडीच्या दिवसांत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि चिकन भरतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत. ताज्या शेंगेतली बेताची ओल आणि पाल्याची वाफ यांवरच ते सगळं शिजतं. गोठवलेली शेंग तिथे पाणी सोडून गळून जाईल.

कच्चं खायचं नाही. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. तेव्हा पिशवीतला मटार किंवा मक्याचे दाणे शोभेसाठी वरून कच्चे भुरभुरवू नकोस. वाफ निघेपर्यंत शिजव, आणि लहान मूल किंवा गरोदर बाई जेवायला असेल तर याबाबतीत हयगय अजिबात नको.

उरलं तर. दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेव. खोल पातेल्यात मधला भाग फार वेळ गरम राहतो. बाहेर वितळलेलं कच्चं मांस पुन्हा गोठवायचं नाही.

आणि हे खास तुझ्यासाठी. रविवारी एक किलो खिमा मटार न घालता शिजव, गार कर आणि दोघांना पुरेल एवढ्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाक. बुधवारी उशीर झाला की एक डबा कढईत उलटव, थोडं गरम पाणी घाल आणि चांगली उकळी आली की मटार. पोळ्या होईपर्यंत खिमा तयार होतो, आणि दाणा न दाणा अख्खा राहतो.